गुडघ्याएवढं गाव

माझे वडील आयुष्यात एकदाच इंग्लंडला आले. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावरचा तो उन्हाळा होता. आई जाऊन वर्ष होत आलं होतं. घरात दादा एकटेच स्टोव्हवर खिचडी टाकतात आणि तीच दोन वेळा खातात, हे भावाकडून कळल्यापासून मला चैन पडत नव्हतं. दादा म्हणजे माझे वडील. आम्ही सगळी भावंडं त्यांना दादाच म्हणायचो. मी लेस्टरच्या हॉस्पिटलात नर्स होते आणि नवरा तिथल्याच पॅथॉलॉजी लॅबमध्ये. दोघांच्या शिफ्टा सांभाळत कसंबसं व्हिसाचं जमवलं आणि दादांना बोलावून घेतलं.

दादा विदर्भात जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होते, शेवटी हेडमास्तर होऊन निवृत्त झाले. उंच, सडपातळ माणूस. हात इतके लांब, की फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहायला त्यांना टाचा उचलाव्या लागत नसत. वर्गात ते छापील मराठी बोलायचे आणि घरी आले की टोपी खुंटीला अडकवावी तसं ते मराठी बाजूला ठेवून वऱ्हाडीत शिरायचे. पाचवीपासूनचं इंग्रजी तेच शिकवत. त्या पुस्तकातल्या धड्यांत इंग्लंडमधलं खेडं हमखास असायचं. गवताने शाकारलेली कॉटेजेस, चर्च, लोहाराचं दुकान, कुंपणापलीकडे चरणाऱ्या गाई. ‘हेज’ म्हणजे काय हे पोरांना सांगताना दादा शाळेमागचं बोराटीचं कुंपण दाखवायचे. स्वतः त्यांनी ती हेज कधी पाहिली नव्हती.

त्यामुळे लेस्टरला आल्यावर त्यांची थोडी निराशाच झाली. सकाळी बुद्धवंदना झाली, चहा झाला, की ते मफलर गुंडाळून फिरायला निघायचे. भर जुलैमध्ये मफलर. बेलग्रेव्ह रोडवरून एक चक्कर मारून यायचे. साड्यांची दुकानं, मिठाईची दुकानं, पानाच्या पिचकाऱ्या, दारात गप्पा मारणारे गुजराती म्हातारे. त्या म्हाताऱ्यांशी दादांची हिंदीत चांगली ओळखही झाली होती. पण घरी आले की बूट काढता काढता म्हणायचे, “अवं, हे तं अमरावतीच झालं. माहं इंग्लंड कुठाय?”

शेवटी एका शनिवारी आम्हा दोघांनाही सुट्टी मिळाली. पहाटे उठून मी पुऱ्या आणि बटाट्याची भाजी केली, थर्मासात चहा भरला आणि आम्ही पाचजण जुन्या गाडीत दाटीवाटीने बसून निघालो. पुढे नवरा आणि दादा, मागे मी आणि दोन्ही मुलं. मुलगी दहा वर्षांची, मुलगा पाचचा. दादांना अस्सल इंग्लिश खेडं दाखवायचं, एवढंच ठरलं होतं. कुठलं खेडं, ते नवऱ्यावर सोपवलं होतं. तो नकाशा एकदा पाहायचा आणि मग काही झालं तरी गाडी थांबवून कोणाला रस्ता विचारायचा नाही.

पण त्या दिवशी त्याने खरोखरच एक सुंदर गाव गाठलं. मधाच्या रंगाच्या दगडाची घरं, दारांवर चढलेले गुलाब, मधून वाहणारा ओढा, त्यात बदकं. दादा गाडीतून उतरले आणि कंबरेवर हात ठेवून उभे राहिले. “हेज,” ते कुंपणाकडे बोट करून म्हणाले. मग जवळ जाऊन त्यांनी पानं चिमटीत धरून पाहिली. “लई दाट हाय. बोराटीची सर नाही, पण चांगली हाय.”

आम्ही एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत फिरलो. गाव अगदी शांत होतं. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मात्र आम्ही पुढे गेलो की मागे एखादा पडदा हलायचा. चर्चला कुलूप होतं. दादांना घर आतून कसं असतं ते पाहायचं होतं. म्हणायचे, “इथं कोणी ओट्यावर बसत नाही काय वं?” ओटेच नाहीत, हे त्यांना पटायला वेळ लागला.

कोपऱ्यावर एक छोटी टी-रूम दिसली. खिडकीत केक मांडले होते, आत दोन-तीन टेबलांवर माणसं बसलेली. आम्ही दाराशी पोचलो तशी आतल्या बाईने काचेवरची पाटी उलटी केली. ‘क्लोज्ड’. तिने आमच्याकडे पाहून ओठ किंचित ताणले आणि ती आत वळली. दुपार नुकती कुठे सुरू झाली होती. नवरा काहीतरी पुटपुटला. मला वाटलं, दादांना हे कळलं नसेल तर बरं. मी घाईघाईने म्हटलं, “चला, आपल्याकडे चहा आहेच की.”

दादा माझ्याकडे बघून मंद हसले. “अवं, मले पाटी वाचता येते,” ते म्हणाले. “चाल. पुऱ्या थंड्या होतात.”

ओढ्याकाठच्या बाकावर बसून आम्ही पुऱ्या खाल्ल्या. बदकं जवळ आली, मुलाने त्यांना पुरीचे तुकडे टाकले. दादांनी तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. पण जेवण झाल्यावर ते गाडीत जाऊन बसले आणि म्हणाले, “झालं पाहून. चाला आता.” एवढ्या हौसेने आणलेल्या माणसाला आपण बंद दारंच तेवढी दाखवून परत नेतोय, असं वाटत राहिलं.

परतीच्या वाटेवर, मैलभर गेलो असू, मुलाला शू लागली. त्याच वेळी रस्त्याकडेला हाताने रंगवलेली एक लाकडी पाटी दिसली. ‘मॉडेल व्हिलेज. टॉयलेट्स.’

दादा एकदम ताठ बसले. “मॉडेल व्हिलेज? आदर्श गाव! इथंही योजना हाय काय ते?” आणि नवऱ्याकडे वळून म्हणाले, “जावईबापू, घ्या गाडी. हे तं पाहूनच जाऊ. आमच्या तालुक्यात एक झालं होतं आदर्श गाव. गोबर गॅस काय, शोषखड्डे काय. उद्‌घाटनाले मंत्री आला तेवढ्या दिवसापुरता दिवाही लागला होता.”

मुलगी खुसखुसू लागली. मीही पदर तोंडाला लावला. त्यांना काही सांगायच्या आत गाडी आत वळलीसुद्धा. एका जुन्या घराच्या अंगणात दोनच गाड्या उभ्या होत्या. दाराशी टेबलावर एक शाळकरी वयाची मुलगी पुस्तक वाचत बसली होती, तिने तिकिटं फाडून दिली आणि घराच्या बाजूने मागच्या बागेकडे जायला सांगितलं. नवरा मुलाला घेऊन टॉयलेटकडे पळाला. आम्ही तिघं बागेत शिरलो.

घरामागच्या सगळ्या बागेत एक गाव वसवलेलं होतं. गुडघ्याएवढं. घरं खऱ्या दगडाची, खऱ्या गवताने शाकारलेली, चिमणीएवढ्या खिडक्यांना काचा. चौकात मांडीपर्यंत येणारं चर्च. लोहाराच्या दुकानात ऐरण, आणि समोर नाल ठोकून घ्यायला उभा असलेला मांजराएवढा घोडा. पबच्या बाहेर बाकावर बोटाएवढी माणसं ग्लास धरून बसलेली. हिरवळीवर क्रिकेटची मॅच चाललेली, त्यातला एक फील्डर आडवा पडलेला. कोणीतरी एका घरामागे दोरीवर कपडे वाळत घातले होते, त्यात कोटाच्या बटणाएवढे मोजे होते. खुरट्या झुडपांची झाडं केली होती आणि कुंपणंही खऱ्या झुडपांची, वीतभर उंचीची, नीट छाटलेली.

दादा आधी गोंधळले. मग त्यांना उमगलं. ते एवढ्या मोठ्याने हसले, की पलीकडचं इंग्रज जोडपं वळून बघू लागलं.

“अवं, हे तं दिवाळीच्या किल्ल्यावानी हाय!” ते म्हणाले. “आणि मी ग्रामसेवक शोधून राहिलो!”

मग ते गावाच्या कडेने फिरू लागले. पाहुण्यांसाठी बाहेरून एक पायवाट होती, तिच्यावरून ते वाकून वाकून प्रत्येक घरात डोकावत होते. ज्या घरांत सकाळी बाहेरूनही नीट पाहता आलं नव्हतं, तशीच घरं इथे खिडकीला डोळा लावला की आतून दिसत होती. चूल, पलंग, टेबलावर पावाची लादी. “आत असं असते तं,” ते स्वतःशी म्हणत होते. शाळा सापडल्यावर मात्र ते उकिडवे बसले ते उठेचनात. शाळेच्या पटांगणात पोरं ओळीने उभी होती आणि त्यांच्यासमोर काळ्या कोटातला मास्तर. दादांनी त्या मास्तराकडे बराच वेळ पाहिलं. “छडी मागे लपवली हाय,” ते नातीला म्हणाले. “चांगला मास्तर दिसतो. दाखवते, पण मारत नाही.”

गावाच्या मध्यात, चर्च आणि पब यांच्यामधल्या जागेत, एक सत्तरीच्या बाई बुटक्या स्टुलावर बसल्या होत्या. अंगात ॲप्रन, पायात बूट नाहीत, नुसते पुरुषी जाड लोकरीचे मोजे. हे गाव त्यांचंच होतं. त्यांच्या नवऱ्याने निवृत्तीनंतर ते एकेक घर करत उभं केलं होतं आणि तो गेल्यापासून त्या ते जपत होत्या. त्या वेळी त्या चर्चच्या भिंतीपाशी एक स्क्रू-ड्रायव्हर घेऊन खटपट करत होत्या. आमच्याकडे पाहून त्यांनी हात हलवला.

“आज चर्च मुकं झालंय,” त्या म्हणाल्या. “एरवी आत पोरांचं कॉयर गातं. आतला स्पीकर बिघडलाय आणि हे छप्पर मला एकटीला उचलत नाही. जावई रविवारी येतो, तोवर काही खरं नाही.”

मी म्हटलं, “मी येऊ का मदतीला?”

त्यांनी मला नखशिखांत पाहिलं. पाच फुटांची मी, साडी नेसलेली. मग त्यांची नजर दादांवर गेली. “तुम्ही येता का? तुमचे हात छान लांब आहेत. उंचावरून सरळ उचलायला हवं, नाहीतर मनोरा मोडेल.”

दादांना बाईंचे उच्चार सगळे कळले नव्हते. मी मराठीत सांगितलं. ते म्हणाले, “मले बोलावते? आत?”

“हो दादा.”

बाईंनी जिथून आत यायचं ती वाट दाखवली. दोन्हीकडे घरं असलेला गावातला मुख्य रस्ता. एका पावलापुढे दुसरं पाऊल टाकलं तरच जमेल इतकाच रुंद. दादा त्या रस्त्याच्या तोंडाशी गेले, थांबले आणि खाली वाकून बुटांच्या नाड्या सोडू लागले.

आमच्या गावातला असा एक रस्ता मला माहीत होता. मी स्वतः तो भोगला नव्हता, माझ्या वेळेपर्यंत बरंच बदललं होतं. पण दादांच्या लहानपणी आमच्या वस्तीतल्या माणसाला गावातून जायचं तर चपला काढून हातात घ्याव्या लागत. पाटलाच्या घरावरून, चावडीवरून, देवळावरून, शाळेपर्यंत. हे सगळं मी आईच्या तोंडून ऐकलं होतं. दादा स्वतः त्याबद्दल कधी बोलत नसत.

“दादा,” मी जवळजवळ ओरडलेच, “चपला कशाला काढता? घाला ते बूट. त्यांनी काढायला सांगितलेलं नाही.”

दादांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. माझ्या चेहऱ्यावर काय होतं कोण जाणे, त्यांना सगळं समजलं.

“अवं येडे,” ते हळूच म्हणाले, “घरं मोडतील ना लोकाची. केवढाले बूट हायेत, पाह्य. तवा काढत होतो ते त्याहीनं काढाले लावले म्हणून. हे मी माह्या मनानं काढतो. ह्याच्यात अन्‌ त्याच्यात फरक हाय.”

आणि बूट पायवाटेवर नीट जोडीने ठेवून, मोज्यांनी, धोतराचा सोगा एका हातात धरून ते गावात शिरले. एकेक पाऊल तोलून टाकत. लोहाराच्या घोड्याला वळसा घालून, पबवरून, शाळेवरून. दोन्हीकडची छपरं त्यांच्या गुडघ्यांना लागत होती. मुलीने माझा हात घट्ट धरला होता. ती आजोबा पडतील या भीतीने, आणि मी कशाने ते मला सांगता येणार नाही. डोळे भरून आले होते, पण हसूही येत होतं.

बाईंनी चर्चच्या दोन बाजूंचे स्क्रू सोडवले. दादांनी दोन्ही हात पसरून छप्पर धरलं आणि अगदी अलगद, तापलेलं पातेलं उतरवावं तसं, मनोऱ्यासकट सरळ वर उचललं. आत बाकांच्या रांगा होत्या आणि पुढे पांढऱ्या झग्यातली कॉयरची पोरं तोंड उघडून उभी होती. दादा छप्पर धरून वरून आत पाहत राहिले. बाई आत हात घालून तारांशी खुडबुड करत राहिल्या. बऱ्याच वेळाने काहीतरी खरखरलं आणि एकाएकी चर्चमधून पोरांचा कोवळा आवाज येऊ लागला. दादा एवढे दचकले, की छप्पर हातून सुटता सुटता राहिलं.

“गुड?” बाईंनी विचारलं.

“व्हेरी गुड, मॅडम,” दादा म्हणाले.

छप्पर पुन्हा बसवल्यावर त्या म्हणाल्या, “जरा थांबा, पाठ आखडली असेल तुमची,” आणि त्यांनी स्वतःचं स्टूल त्यांच्यापुढे सरकवलं. स्वतः त्या पबच्या मागच्या गवतावर फतकल मारून बसल्या. चर्च आणि पबच्या मध्ये दोघं म्हातारी माणसं बसलेली, आणि भोवती गाव. त्यांनी विचारलं, तुमच्याकडेही अशी गावं असतात का. दादा पुस्तकी, एकेक शब्द वेगळा ठेवलेल्या इंग्रजीत बोलू लागले. मी कडेला उभी राहून अडलेला शब्द पुरवत होते.

मग दादांनी विचारलं, “मॅडम, या तुमच्या गावात सर्व लोक आहेत. पाद्री आहे, लोहार आहे, मास्तर आहे. पण ज्यांना गावाच्या आत राहू देत नसत, ते कुठे राहतात?”

मला वाटलं, आता या गप्प होणार. किंवा म्हणणार, आमच्याकडे असं काही नव्हतं. बाईंनी डोळे बारीक केले. “म्हणजे कोण?”

“घाण काम करणारे. ज्यांना मागच्या दाराने यावं लागतं, ते.”

बाईंनी गावाच्या टोकाला असलेल्या मोठ्या बंगल्यामागे बोट दाखवलं. तिथे बिनगुलाबांच्या चार खोल्यांची एक ओळ होती, मला ती आधी दिसलीही नव्हती. “मजूर तिथे. माझी आजी असल्याच खोलीत राहायची, बंगल्याचं धुणं धुवायची. पुढच्या दारातून ती एकदाच गेली म्हणे, आग लागली होती तेव्हा.” त्या हसल्या. मग म्हणाल्या, “पण एक इमारत इथे नाही. वर्कहाउस. ज्यांना खायला नव्हतं त्यांना तिथे कोंडून काम करून घ्यायचे. प्रत्येक गावाला जवळपास एक असायचंच. माझ्या नवऱ्याच्या आईचा जन्म तिथला. मी त्याला म्हणायचे, अरे, तेही कर की. तो म्हणायचा, माझ्या गावात मी ते बांधणार नाही.”

मी हे दादांना मराठीत सांगितलं. त्यांनी मान डोलावली. “बरोबर हाय त्याचं,” ते म्हणाले, आणि मग जरा विचार करून इंग्रजीत, “पण मॅडम, मी मास्तर आहे. मास्तर म्हणून म्हणतो, पोरांना ते दिसायला हवं होतं.”

“मीही तेच म्हणायचे,” बाई म्हणाल्या. “आमचं त्यावरून भांडण व्हायचं. आता भांडायलाही कोणी नाही.”

“माझी पत्नीसुद्धा गेली,” दादा म्हणाले. “मागच्या वर्षी.” आई गेल्यावर ते हे वाक्य कोणाशी बोललेले मी ऐकलं नव्हतं. ते त्यांनी पहिल्यांदा इंग्रजीत, एका अनोळखी बाईला सांगितलं. बाईंनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि उचलून घेतला, बस.

तेवढ्यात नवरा आणि मुलगा तोंडाला आइस्क्रीम माखून परत आले. सासरेबुवा गावाच्या मधोमध स्टुलावर बसलेले बघून नवरा जागच्या जागी थिजला. “अगं, आत जायची परवानगी आहे का? पाटी आहे तिथे, ‘कृपया पायवाट सोडू नये.’”

“त्यांना खास बोलावलंय,” मी म्हटलं. मला फार बरं वाटलं हे बोलताना.

निघताना बाईंनी घरातून किटली आणि केक आणला. केकमध्ये बेदाणे फार होते आणि तो खाली थोडा करपलाही होता. दादांनी दोन तुकडे खाल्ले.

गाडीत बसल्यावर मुलगा झोपून गेला. मग मुलीने मागून आजोबांच्या खांद्याला हात लावला. तिचं मराठी तसंच होतं, जसं इथे जन्मलेल्या सगळ्या मुलांचं असतं. “आजोबा, आई एवढी अपसेट का झाली? तुम्ही शूज काढला तेव्हा?”

आरशातून नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. घरी या विषयावर मुलांशी कधी बोलणं झालं नव्हतं. टाळलं होतं असंही नाही, तशी वेळच आली नव्हती. वर्णभेद कशाला म्हणतात ते तिला शाळेच्या पटांगणात कळून चुकलं होतं. पण जात हा शब्द तिला माहीत नव्हता. मी काही बोलणार, तेवढ्यात दादाच मागे वळले आणि वर्गात सांगावं तसं शांतपणे सांगू लागले. गाव कसं होतं, आपली वस्ती नाल्यापलीकडे कशी होती, शाळा गावाच्या त्या टोकाला कशी होती. नागपूरच्या मिलमध्ये कामाला असलेल्या मामाने त्यांना पहिल्या चपला आणल्या, त्या ते रोज काखेत धरून शाळेत न्यायचे.

“व्हाय?” मुलगी म्हणाली. “तो रोड त्यांची होती का?”

“नाही बाळा. रस्ता सरकारचा होता.”

“मग तुम्ही कंप्लेन का नाही केली?”

दादा हसले. “केली ना. माझे वडील एका सभेला गेले होते. त्या काळी आपल्या लोकांच्या गावोगाव सभा व्हायच्या. तिथून परत आले आणि म्हणाले, उद्यापासून चपला पायात. दुसऱ्या दिवशी ते पुढे आणि मी मागे, चपला घालून गावातून गेलो. माझ्या चपलांचा फटफट आवाज मला पहिल्यांदा ऐकू आला. इतके दिवस काखेत होत्या ना, आवाज कुठून यायचा?”

“मग? त्यांनी मारलं?”

“मारलं नाही. पण गिरणीवाल्याने आमचं दळण दळून देणं बंद केलं. दुकानदाराने मीठ दिलं नाही. माझी आई जात्यावर दळायची. हाताला फोड आले तिच्या.”

“आणि तुम्ही?”

“मी काय, रोज चपला घालून शाळेत गेलो. चपला झिजल्या, मग मामाने दुसऱ्या आणल्या.”

मुलगी बराच वेळ खिडकीबाहेर बघत बसली. कुंपणं मागे पळत होती. मग तिने विचारलं, “त्या माणसांची नावं काय होता?” तिला त्यांच्यावर खटला भरायचा होता. दादांनी तिला नावं सांगितली नाहीत. म्हणाले, त्यातल्या बऱ्याच जणांची नातवंडं त्यांच्याच हाताखाली शिकली, त्यातली दोन गणितात फार कच्ची होती.

उरलेला उन्हाळा त्या दोघांचा गेला. शाळेला सुट्टी लागली होती, ती नाश्ता झाला की त्यांच्या खोलीत जाऊन बसायची आणि ते तिला सांगायचे. काही मी ऐकलेलं, बरंचसं न ऐकलेलं. मी स्वयंपाकघरात कणीक मळताना दाराआडून ऐकायची. तिचं मराठीही सुधारलं, फक्त ते वऱ्हाडी वळणावर. पुण्याकडच्या आमच्या एका मैत्रिणीला ती एकदा “कायले?” म्हणाली, तेव्हा मैत्रीण हसून माझ्याकडे बघू लागली. मला मात्र ते ऐकायला आवडलं होतं.

नंतर नव्वदच्या दशकात, मुलगी केंब्रिजला शिकायला जाणार होती त्याच्या आदल्या उन्हाळ्यात, तिने नवीन लायसन्सवर मला गाडीतून तिथे नेलं. पाटी आता छापील होती. बाई थकल्या होत्या, आपल्या मुलीकडे राहायला गेल्या होत्या, आणि जागा कोणीतरी विकत घेतली होती. कार पार्क डांबरी झालेला, बाहेर खेळण्यांचं दुकान, आणि गावाभोवती सगळीकडून दोरी. घरं मात्र तशीच होती, उलट जास्तच चकचकीत रंगवलेली. चर्च गात होतं. मुलगी मजुरांच्या खोल्यांपाशी जाऊन उभी राहिली. वर्कहाउस बांधलंय का ते तिने पाहिलं. नव्हतं.

घरी आल्यावर तिने दादांना फोन लावला. ते तेव्हा तालुक्याच्या गावी भावाकडे राहत होते आणि ऐकायला थोडं कमी येत असे, त्यामुळे दोन्हीकडून ओरडूनच बोलणं चालायचं.

“आजोबा, आम्ही त्या स्मॉल गावाला गेलो होतो!”

“आत जाऊ दिलं काय तुले?”

“नाही ना. रोप बांधलीय. कोणालाच नाही जाऊ देत.”

पलीकडे दादांना हसू आवरेना. खोकला येईपर्यंत ते हसले. “म्हणजे तू तिथं जन्मली तरी बाहेर, अन्‌ मी आत जाऊन आलो,” ते म्हणाले. मग शाळेतला मास्तर अजून आहे का, ते त्यांनी विचारलं. आहे म्हटल्यावर त्यांना बरं वाटलं. नंतर त्यांनी माझ्याकडे फोन द्यायला सांगितला आणि पुढच्या महिन्यात आमच्याकडे येणाऱ्या एका डॉक्टरबरोबर आंब्याचं लोणचं पाठवतोय, बरणी नीट बांधली नाही तर त्याच्या कपड्यांवर तेल सांडेल, तेव्हा आधीच माफी मागून ठेव, असं बजावलं.